छोट्या विमानात केबिनचा दाब गेला, तर कळेल तरी का?

पाचवा_ढग (धागाकर्ता)

मागे दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी जाता जाता लिहिलं होतं, "छोट्या विमानाला कसली आलीय दाबाची भीती, ते काय फार वर जातं?" उत्तर द्यायला बसलो आणि ते इतकं लांबलं की वेगळा धागा काढतोय. ज्यांना विमानांचा कंटाळा आहे त्यांनी इथूनच मागे फिरावं.

मी एका इंजिनाचं टर्बोप्रॉप (जेटसारख्या इंजिनानं पंखा फिरवणारं विमान) उडवतो, एकटाच. शेजारच्या सीटवर बहुतेक वेळा बॅगा असतात. म्हणजे माझं काही चुकलं तर "अरे, काय करतोयस?" म्हणायला कुणी नाही. हे विमान आरामात २८ हजार फुटांवर जातं. तिथे बाहेर उणे ४० अंश आणि हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम एक-तृतीयांश. मी मात्र आत अर्ध्या बाह्यांच्या शर्टात बसलेला असतो.

काही वर्षांपूर्वी उंचीच्या चेंबरमध्ये बसलो होतो. लोखंडी खोली असते, तिच्यातली हवा काढत नेतात आणि आतल्यांसाठी २५ हजार फूट 'होतात'. मग मास्क काढायचा. हातात कागद: शंभरातून सात-सात वजा करत जा, मधूनमधून स्वतःचं नाव लिही. समोर रंगांचं एक चक्र लावलेलं. मला काही म्हणजे काही होत नव्हतं. उलट मजा वाटत होती. शेजारच्याच्या तोंडावरचा बावळट भाव बघून हसू येत होतं. कुणीतरी "मास्क लाव" म्हणालं. मी मान डोलावली. पुन्हा म्हणालं, पुन्हा मान डोलावली. शेवटी त्यांनीच येऊन लावला. दोन-तीन श्वासांत ते रंगांचं चक्र दिवा लावल्यासारखं उजळलं. तोवर ते राखाडी झालं होतं याचा मला पत्ताच नव्हता. कागदावर ९३, ८६, ७९ बरोबर, मग ७१, मग परत ७१, खाली माझं नाव, त्याखाली पुन्हा माझं नाव, अर्धवट. बाहेर आल्यावर शेजारचा म्हणाला, "तुझ्या तोंडावरचा भाव बघून मला हसू आवरेना."

दाब जाणं म्हटलं की सिनेमातला प्रसंग आठवतो. धडाम आवाज, काच फुटलेली, कागद उडतायत. तसं झालं तर एका परीनं बरं. कानांत कळ येते, केबिनमध्ये क्षणात धुकं दाटतं, गारठा पडतो. झोपलेला माणूसही मास्ककडे झेपावेल. मला धास्ती आहे ती दुसऱ्या प्रकाराची. दाराचं सील थोडं गळतंय, किंवा इंजिनाकडून येणारी हवा गुपचूप बंद झालीय, आणि केबिनची उंची (म्हणजे आतला दाब बाहेरच्या किती उंचीवरच्या हवेइतका आहे ते) मिनिटाला हजार-दोन हजार फुटांनी चढतेय. कानात जरा टक् होतं. चढताना तसंही होतंच.

५ सप्टेंबर २०१४ चं उदाहरण देतो. टीबीएम ९००, म्हणजे जवळपास माझ्याच जातीचं विमान. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरहून फ्लोरिडातल्या नेपल्सला निघालेलं, आत दोघं. २८ हजार फुटांवर वैमानिकानं जमिनीवरच्या हवाई वाहतूक कंट्रोलरला सांगितलं, एक इंडिकेशन बरोबर दिसत नाहीये, १८ हजारांवर यायचंय. आधी २५ हजारांची परवानगी मिळाली, तो तिथवर आला. आणखी खाली जायला हवं असंही म्हणाला. आणीबाणी काही जाहीर केली नाही. मग २० हजारांची परवानगी आली. त्यानं ती परत वाचूनही दाखवली. विमान मात्र २५ हजारांवरच राहिलं. पुढे उत्तरं बंद. इंधन असेपर्यंत विमान सरळ उडत राहिलं आणि जमैकाजवळ समुद्रात पडलं.

तपास अहवालातली एक गोष्ट मी विसरू शकत नाही. विमानाची चेकलिस्ट अशी लिहिलेली होती की आधी बिघाड शोधायचा, वैमानिकाच्या ऑक्सिजनचं नंतर. म्हणजे ज्या डोक्यानं बिघाड शोधायचा, त्याला हवा मिळतेय की नाही हे बघणं यादीत खाली.

इथे वैमानिक, इंजिनियर, डॉक्टर सगळेच वावरतात. लिहा.

---

भूलभुलैया

पेशानं भूलतज्ज्ञ. रोज लोकांना मुद्दाम बेशुद्ध करते, त्यामुळे विषय घरचाच आहे.

धाग्याच्या नावातल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, बहुधा कळत नाही. आणि त्याला शारीरिक कारण आहे. श्वास कोंडला की जी तडफड होते ना, ती ऑक्सिजन कमी झाल्याची नसते. ती कार्बन डायऑक्साइड साठल्याची असते. बंद पेटीत कोंडलेला माणूस दारावर धडका देतो तो त्यामुळे. उंचीवर कार्बन डायऑक्साइड साठतच नाही. श्वास चालूच असतो, उलट नकळत जोरात चालतो आणि तो वायू आणखी धुऊन निघतो. म्हणजे धोक्याची घंटा वाजवणारी जी यंत्रणा शरीरात आहे, तिला इथे काही वेगळं दिसतच नाही. गुदमरल्यासारखं वाटेल या भरवशावर राहू नका.

दुसरं. हवेत ऑक्सिजन कुठेही २१ टक्केच. बदलतो तो दाब, आणि फुप्फुसातून रक्तात ऑक्सिजन ढकलणारा तो दाबच असतो. १८ हजार फुटांवर तो निम्मा. पुढे गंमत (वाईट अर्थानं) अशी की साधारण ३० हजारांच्या वर अचानक दाब गेला, तर फुप्फुसातला ऑक्सिजनचा दाब शिरांतून परत आलेल्या रक्तातल्या दाबापेक्षाही खाली जातो. मग प्रवाह उलटा होतो. फुप्फुसं रक्तातला ऑक्सिजन बाहेर टाकायला लागतात, प्रत्येक श्वासागणिक. "मी पाण्याखाली दीड मिनिट श्वास रोखतो" वगैरे ऐकवणाऱ्यांनी नोंद घ्यावी. रोखायला आत काही उरलेलंच नसतं.

शुद्ध जाण्याआधी कामाचा किती वेळ हातात असतो, त्याचे ठोकताळे आहेत. १८ हजार फुटांवर २० ते ३० मिनिटं, २५ हजारांवर ३ ते ५ मिनिटं, ३० हजारांवर १ ते २ मिनिटं, ३५ हजारांवर अर्धा ते एक मिनिट, ४० हजारांवर १५ ते २० सेकंद. दाब झटक्यात गेला तर हे आकडे साधारण निम्मे धरा. हालचाल, सिगारेट, आदल्या रात्रीची दारू, थकवा, हे सगळं त्यातून आणखी कापून घेतं.

लक्षणं प्रत्येकाची वेगळी. कुणाला बोटांत मुंग्या, कुणाला घाम, कुणाची नजर बोगद्यातून बघितल्यासारखी आक्रसते, कुणी विनाकारण चिडतो. ढगराव, तुम्ही हसरे निघालात. ही माहिती जपून ठेवा, पुढच्या वेळी तोच तुमचा अलार्म.

---

शंकासुर

वाचतोय. बाळबोध प्रश्न: मुळात आत दाब येतो कुठून? पंप असतो का?

---

स्पॅनर_बारा_नंबर

पंप म्हणजे इंजिनच. जेट आणि टर्बोप्रॉपमध्ये कॉम्प्रेसरमधून दाबलेली गरम हवा थोडी बाजूला काढतात, तिला ब्लीड एअर म्हणतात. पिस्टन इंजिनाच्या विमानात हेच काम टर्बोचार्जर करतो. ही हवा थंड करून केबिनमध्ये सोडत राहायची. मागच्या बाजूला आउटफ्लो व्हॉल्व्ह असतो, तो कमी-जास्त उघडून किती हवा बाहेर जाऊ द्यायची ते ठरतं. सगळा खेळ एवढाच. केबिन ही बंद बाटली नाही, भोक असलेली बादली आहे, वरून नळ चालू. नळ बंद पडला किंवा भोक मोठं झालं, की पातळी उतरणार.

आतला-बाहेरचा दाबफरक किती ठेवता येतो ते विमानाच्या अंगावर. पायपर मालिबूच्या घराण्यात ५.५ पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड), त्यात २५ हजारांवर असताना आत ८ हजार फुटांसारखं वाटतं. किंग एअर बी२०० या दोन इंजिनांच्या टर्बोप्रॉपला ६.५. हे आकडे चिल्लर वाटतात ना? हिशेब करा. ६.५ पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर साधारण ४५० ग्रॅम. ३० बाय ४० सेंटिमीटरच्या खिडकीवर साडेपाचशे किलोच्या आसपास. सव्वा मीटर उंच, पाऊण मीटर रुंद दारावर चार टनांच्या वर. आणि हे ओझं प्रत्येक उड्डाणात चढतं आणि उतरतं. म्हणून दाराच्या सीलवरून मी बोट फिरवून बघतो, नुसतं डोळ्यांनी नाही.

आता छोट्या विमानाचं दुखणं. किंग एअरसारख्या केबिनमध्ये हवा मावते दहा घनमीटरच्या आसपास. प्रवासी जेटमध्ये त्याच्या कित्येक पट. तळहाताएवढं भोक दोन्हीला पडलं, तर हौद रिकामा व्हायला लागणारा वेळ आणि तांब्या रिकामा व्हायला लागणारा वेळ यात जो फरक, तोच इथे. शिवाय मोठ्या विमानात दोन वैमानिक, केबिनमध्ये आणखी चार डोळे. छोट्यात एकच डोकं. तेच धूसर झालं की संपलं.

कित्येक छोट्या विमानांत मोठा आवाज करणारा अलार्मही नसतो, नुसता दिवा लागतो. उन्हात तो दिवा दिसेलच असं नाही, आणि मेंदू मंदावला असेल तर दिसूनही उपयोग नाही.

---

जुनी_पानं

अवांतर, पण राहवत नाही. १५ एप्रिल १८७५. झेनिथ नावाचा बलून, त्यात तीन फ्रेंच माणसं: तिसांदिए, सिवेल आणि क्रोसे-स्पिनेली. त्यांच्याजवळ ऑक्सिजनच्या पिशव्या होत्या. नळ्या डोक्याशी लोंबत होत्या. शरीरशास्त्रज्ञ पॉल बेर यानं पत्र लिहून कळवलं होतं की एवढा ऑक्सिजन पुरायचा नाही. पत्र पोचलं ते बलून सुटल्यावर. आठ हजार मीटरच्या वर गेल्यावर तिसांदिएला नळी तोंडात धरायची होती, पण हात उचलेना. त्यानं नंतर लिहून ठेवलंय की त्या वेळी भीती नव्हती, आतून आनंद वाटत होता. शुद्धीवर आला तेव्हा बाकी दोघे गेलेले होते. तो वाचला, पण कानांनी गेला.

ढगरावांचं हसू वाचून हेच आठवलं. दीडशे वर्षांत मेंदू काही सुधारलेला नाही.

---

शंकासुर

@जुनी_पानं, अंगावर काटा आला. नळी डोक्याशी, आणि हात उचलेना.

---

हेडफोन_काढून

वीस वर्षं रडारसमोर काढली, आता घरी. आमच्या बाजूनं थोडं.

दाब गेलेलं विमान पडद्यावर वेगळं दिसत नाही. ठिपका सरळ रेषेत, ठरलेल्या वेगानं, अगदी शहाण्यासारखा जात असतो. ऑटोपायलट चालूच असतो ना. कळतं ते कानाला. उत्तर यायला अर्धा सेकंद जास्त लागतो. आकडा अर्धवट परत येतो. शब्द जड होतात, प्यालेल्या माणसासारखे.

४ सप्टेंबर २००० ला ऑस्ट्रेलियात पर्थहून लिओनोराला एक किंग एअर २०० निघालं, आठ जण. २५ हजारांची परवानगी होती, विमान त्याच्याही वर चढत राहिलं. कंट्रोलरनं उंची विचारली, वैमानिक अडखळत "थांबा" एवढंच म्हणाला. त्यानंतर शब्द नाहीत. विमान ऑटोपायलटवर जवळपास पाच तास उडत, अख्खा खंड ओलांडून क्वीन्सलंडात बर्कटाउनजवळ पडलं. त्या विमानात आवाजी इशारा नव्हता. स्पॅनरभाऊ, तुमचा मुद्दा.

पण दरवेळी शेवट तसाच होतो असं नाही. २६ जुलै २००८, अमेरिकेत एक लिअरजेट २५, रेडिओवरचं नाव (कॉलसाइन) कालिटा ६६, ३२ हजार फुटांवर. वैमानिक सांगत होता की उंची आवरत नाही, वेग आवरत नाही, दिशा आवरत नाही, बाकी सगळं ठीक आहे. 'बाकी सगळं ठीक'! मागे अलार्म वाजत होता, तो रेडिओवर ऐकू येत होता. क्लीव्हलंडच्या कंट्रोलरांनी ओळखलं. त्याला समजावत बसले नाहीत, कारणं विचारली नाहीत. छोट्या, सरळ वाक्यांत खाली उतरायला सांगत राहिले. ११ हजारांवर आल्यावर तोच माणूस दुसराच कुणी बोलतोय इतका स्वच्छ बोलायला लागला. ती ध्वनिफीत आम्ही नव्या मुलांना ऐकवायचो. वर्गात आधी हशा पिकायचा, मग एकदम शांतता.

---

उजवी_सीट

धागा छान, पण थोडी भीती वाढवून सांगताय असं वाटलं. मी प्रेशराइज्ड पायपर उडवतो, वर वर २५ हजार. डॉक्टरांच्याच आकड्यांनी माझ्याकडे ३ ते ५ मिनिटं आहेत. पॉवर मागे, चाकं खाली, नाक खाली. चार हजार फूट प्रतिमिनिटानं तीन-सव्वातीन मिनिटांत मी १२ हजारांवर. मास्क शोधत बसण्यापेक्षा आधी उतरायला लागणं शहाणपणाचं नाही का? मास्क लावताना हेडसेट निघतो, चष्मा निघतो, माइक बदलावा लागतो. त्या भानगडीत जास्त वेळ जातो.

---

पाचवा_ढग

@उजवी_सीट, हा प्रश्न कुणीतरी विचारावा अशी इच्छा होतीच.

तुमच्या हिशेबात एक गृहीतक लपलंय: घड्याळ सुरू झाल्याचं तुम्हाला कळलंय. हळू गळतीत ते कळतच नाही. केबिन १० हजारांवर गेली की दिवा लागतो. तो तुम्ही पाहिलात तेव्हा केबिन कदाचित १६ हजारांवर असेल आणि तुमची पहिली काही मिनिटं आधीच खर्च झालेली असतील. शिवाय ती 'कामाची' मिनिटं शेवटपर्यंत सारखी नसतात. पहिल्या मिनिटातले तुम्ही आणि तिसऱ्या मिनिटातले तुम्ही, दोन वेगळी माणसं. तिसऱ्या मिनिटातला गडी नाक खाली करेल, आणि पातळी कुठे धरायची ते विसरेल. किंवा ऑटोपायलटवर नवी उंची टाकेल आणि बटण दाबायचंच राहील. जमैकाजवळ पडलेल्या त्या विमानात २० हजारांची परवानगी तोंडानं परत वाचली गेली, हातानं अमलात आली नाही. माझ्या मते सगळं तिथेच आहे.

आणि खाली उंच डोंगर असतील तर? १२ हजारांवर उतरता येईलच असं कुठे लिहिलंय?

म्हणून माझा क्रम एकच. मास्क, १०० टक्के ऑक्सिजन, मग उतरणं, मग आणीबाणी जाहीर करणं, आणि मग हवा असेल तर विचार. दिवा खोटा निघाला तर जास्तीत जास्त काय? नाकावर मास्कचा वळ उठेल. उतरायचं असेल तेव्हा 'विनंती' करू नका. कंट्रोलरला विनंती आणि आणीबाणी यातला फरक शब्दावरूनच कळतो, हे हेडफोनसाहेब सांगतीलच.

---

हेडफोन_काढून

सांगतो. "अमुक उंची मिळेल का" म्हणालात तर मी खालची वाहतूक बघून, जमेल तसं देणार. "आणीबाणी, उतरतोय" म्हणालात तर बाकीच्यांना मी बाजूला करणार. पहिल्यात तुम्ही माझी वाट बघताय.

---

भूलभुलैया

मास्क लावल्यावर काही जणांना अर्धा-एक मिनिट उलट जास्त गरगरतं, नजर आणखी धूसर होते. त्याला घाबरून मास्क काढू नका. तसाच ठेवा, ते ओसरतं.

दाढीवाल्यांसाठी: दाढीमुळे मास्क चेहऱ्याला चिकटत नाही, कडेनं बाहेरची हवा आत येते. ओठांना व्हॅसलीनसारखं तेलकट काही लावून ऑक्सिजन वापरू नका, शुद्ध ऑक्सिजनशेजारी तेल पेट घेऊ शकतं.

---

स्पॅनर_बारा_नंबर

उजवीसीटराव, तुमची मास्कची भानगड खरी आहे, पण ती जमिनीवर सोडवायची असते. माझ्या हातून गेलेल्या विमानांत काय काय सापडलंय ते सांगतो, विमानं कुणाची ते विचारू नका. सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद, आणि गेजवर मात्र काटा हिरव्यात, कारण नळीत अडकलेला दाब तसाच राहिलेला. मास्क पिशवीतून काढलेलाच नाही, वर रबरबँड. मास्क सीटच्या मागच्या कप्प्यात, त्यावर नकाशे, त्यावर पाण्याची बाटली. नळी जोडलेली, पण नीट बसून 'टक' झालेली नाही.

लोक म्हणतील अशा गोष्टींनी कुठे विमानं पडतात का. ४ जून २०२३ ला टेनेसीहून लाँग आयलंडला निघालेलं सेसना सायटेशन आठवा. लाँग आयलंडवरून आपोआप वळलं आणि शेवटी व्हर्जिनियाच्या डोंगरात कोसळलं. आत चार जण. त्याच्यामागे धावलेल्या एफ-१६ लढाऊ विमानांचा आवाज वॉशिंग्टनमध्ये घराघरांत ऐकू गेला. अपघाताच्या काही आठवडे आधीच्या तपासणीत वैमानिकाच्या बाजूचा ऑक्सिजन मास्क जागेवर नव्हता, असं तपासात पुढे आलं. दाब का गेला ते ठरवता आलं नाही. गोल्फपटू पेन स्ट्युअर्टच्या लिअरजेटचंही तेच. २५ ऑक्टोबर १९९९ ला ऑर्लँडोहून डॅलसला निघालं, सहा जण, जवळपास चार तास उडून साउथ डकोटात पडलं. दाब का गेला, माहीत नाही. कर्मचाऱ्यांना ऑक्सिजन मिळाला नाही, एवढं नक्की. जवळून बघणाऱ्या लढाऊ वैमानिकांना काचा आतून गोठलेल्या दिसल्या.

दाब जाण्याची कारणं शंभर असतील, मी सगळी रोखू शकणार नाही. मास्क जागेवर असणं एकाच्या हातात आहे.

---

शंकासुर

मग नियम काय म्हणतात? सरळ सगळ्यांनी कायम मास्क लावूनच उडावं की!

---

पाचवा_ढग

अमेरिकी नियम सांगतो, बाकीकडे थोडाफार फरक. केबिनची उंची साडेबारा हजारांच्या वर अर्ध्या तासाहून जास्त असेल तर वैमानिकानं ऑक्सिजन घ्यायचा. १४ हजारांच्या वर सतत. १५ हजारांच्या वर प्रवाशांनाही द्यायचा. ३५ हजारांच्या वर, दाब ठीक असला तरी, एकानं मास्क लावलेला हवा. दोन वैमानिक असतील आणि एका हातानं पाच सेकंदांत लागणारे मास्क असतील, तर ४१ हजारांपर्यंत सूट. पण एक जण उठून गेला की दुसऱ्यानं लावायचा. छोट्या जेटमध्ये हा शेवटचा नियम किती पाळला जातो, यावर जाहीर बोलत नाही. एकटे उडणारे ओळखीचे आहेत. त्यांच्या गालावर वळ मी कधी पाहिलेला नाही.

---

विनाइंजिन

दाब नसलेल्या विमानवाल्यांना का विसरता? मी ग्लायडर उडवतो, डोंगरांवरून वाहणाऱ्या वाऱ्याच्या लाटांवर १५-१६ हजारांवर जाणं होतं. नाकात नळी, १८ हजारांपर्यंत ती चालते, त्यावर मास्क. बोटाला ऑक्सिमीटर.

एकदा साडेपंधरा हजारांवर ऑक्सिमीटर ७८ दाखवायला लागला. मी काय केलं? यंत्र बिघडलं म्हणून बोट बदललं. ७७. बोट गार पडलं असेल म्हणून चोळलं. ७७. दुसरा हात. ७६. मग मला यंत्राचा राग आला, ते काढून खिशात घातलं आणि हलकं वाटलं. नशिबानं लाट संपली आणि मी आपोआप खाली आलो. १२ हजारांवर लक्षात आलं की नळी पट्ट्याखाली चिमटली गेलीय. चार वेळा मोजलं, चारही वेळा यंत्रानं खरं सांगितलं.

आता माझा नियम: आकडा खोटा वाटला की तो खरा धरायचा.

---

जुनी_पानं

+१. शेवटचं वाक्य कोरून ठेवतो.

---

खिडकीपाशी

कामासाठी छोट्या चार्टर जेटनं कधी कधी जावं लागतं. हा धागा वाचून घाम फुटला. मला तर मास्क वरून आपोआप पडतो एवढंच माहीत. मागे बसलेल्या माणसानं काय करावं?

---

पाचवा_ढग

@खिडकीपाशी, घाबरवायचा हेतू नव्हता, असे प्रसंग विरळाच येतात. बऱ्याच विमानांत केबिन १४ हजारांच्या आसपास गेली की मास्क आपोआप पडतात. पण छोट्यांत ते छतात, सीटखाली किंवा कप्प्यात असू शकतात आणि हातानं काढावे लागतात. काही मास्क दोरी ओढल्याशिवाय सुरू होत नाहीत. म्हणून बसल्यावर वैमानिकाला विचारा, माझा मास्क कुठे आणि तो सुरू कसा करायचा. चांगला वैमानिक याला कधीच नाक मुरडत नाही. मुरडलंच तर तेही कळलेलं बरं. सगळ्यात पुढे बसत असाल तर आणखी एक विचारा: "तुम्ही उत्तर दिलं नाहीत तर मी काय दाबू?" नव्या विमानांत काही वेळ वैमानिकाची हालचाल दिसली नाही की प्रणाली स्वतः विचारते, उत्तर नाही आलं तर स्वतः खाली उतरवते. काहींत तर प्रवाशानं दाबायचं बटण आहे, विमान स्वतः जवळचा विमानतळ शोधून उतरतं. २०२० पासून अशा प्रणालीला मान्यता आहे.

आणि मास्क पडला तर आधी स्वतःला, मग शेजारच्या लहानग्याला. उलट केलंत तर दोघांचाही मास्क लावायचा राहील.

---

स्पॅनर_बारा_नंबर

ती बटणं चांगलीच आहेत, पण त्यांच्या भरवशावर सिलिंडर रिकामा ठेवणारे महाभागही पाहिलेत. असो.

---

भूलभुलैया

एक राहिलं. १८ हजारांच्या वर बिनदाबाचं राहावं लागलं असेल आणि उतरल्यावर सांधे दुखायला लागले, त्वचेवर मुंग्या आल्या किंवा चालताना तोल जायला लागला, तर "दगदग झाली असेल" म्हणून झोपू नका. रक्तातल्या नायट्रोजनचे बुडबुडे असू शकतात, पाणबुड्यांना होतं तेच. ऑक्सिजन लावा आणि डॉक्टर गाठा. स्कूबा करून लगेच उडणाऱ्यांना हा त्रास बराच कमी उंचीवरही होऊ शकतो.

---

उजवी_सीट

दोन दिवसांनी परत आलोय. ढगरावांशी वाद पुढे चालवायचा होता, म्हणून पुरावा जमवायला गेलो. हँगरमध्ये विमान उभं, इंजिन बंद, डोळ्यांवर रुमाल बांधला, भाचीच्या हातात स्टॉपवॉच. दाब गेला असं ती ओरडणार, मी मास्क लावणार.

पहिल्यांदा २३ सेकंद. चष्मा पट्ट्यात अडकला. दुसऱ्यांदा १९. तिसऱ्यांदा हात सरळ मास्कवर गेला, ८ सेकंद, आणि मी विजयी वीरासारखा रुमाल सोडला.

---

पाचवा_ढग

वा! आणि माइक मास्कवर बदललात का?

---

उजवी_सीट

...नाही.

आणि व्हॉल्व्ह बंद होता. भाचीनं सांगितलं.